दर जुलैला जाम होणारा डावा ब्रेक: कॅलिपर तीनदा खोलल्यावर सापडलेली खोड

गाडी २०१३ची, साधी हॅचबॅक. पुढं डिस्क ब्रेक, मागं ड्रम ब्रेक, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. तक्रार एकच, पण सलग तीन वर्षं जुलैतच आली: पुढचं डावं चाक तापतं, गाडी डावीकडं ओढते आणि सपाट रस्त्यावर न्यूट्रलला टाकली की कुणीतरी मागून धरल्यासारखी थांबते. तीनदा कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड दाबून चाक थांबवणारा भाग, घरीच खोलला. पहिल्या दोन वेळी "झालं काम" म्हणून हात धुतले आणि पुढच्या पावसात परत जॅक लावून बसलो. तिसऱ्यांदा, म्हणजे २०२४च्या जुलैत, खोड सापडली. त्यानंतर २०२५चा अख्खा पावसाळा गेला आणि चाक मोकळं आहे, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

ज्यांना घाई आहे त्यांना आधीच सांगतो. सील किट, म्हणजे कॅलिपरातली रबरं, बदललं म्हणजे कॅलिपर दुरुस्त झाला, असं होत नाही. माझ्या गाडीत गंज सीलच्या खाचेत होता आणि मी नवं कोरं सील त्या गंजावरच बसवलं होतं. वर दोन्ही पिना एकमेकींच्या जागी घातल्या होत्या, तो शहाणपणा वेगळाच.

गंज आला कुठनं, तेही सांगायला पाहिजे. जुलै २०२१च्या महापुरात गाडी कोल्हापुरात शाहूपुरीत जयंती नाल्याच्या बाजूला लावलेली होती. पाणी निम्म्या चाकापर्यंत चढलं आणि दोन दिवस उतरलं नाही. इंजिनात पाणी गेलं नाही म्हणून आम्ही खूश. सीटा वाळवल्या, चाकं धुतली, गाडी सुरू झाली. कॅलिपरच्या रबराआड गाळाचं पाणी जाऊन बसलंय, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. पुढच्या जुलैला गगनबावड्याला निघालो आणि साळवणच्या आसपास जळका वास यायला लागला. आधी पुढच्या ट्रकवर संशय घेतला. ट्रक वळून गेला, वास आमच्याबरोबरच राहिला.

चाक धरलंय कुणी?

पाना हातात घेण्याआधी हे ठरवा. मी पहिल्या वर्षी ठरवलं नाही, म्हणून हे एवढं लांबलं.

चाक जाम व्हायला तीन जण जबाबदार असू शकतात: पॅडला डिस्कवर ढकलणारा कॅलिपरचा पिस्टन, ज्यावर कॅलिपर सरकतो त्या दोन पिना, किंवा दाब आणणारी रबरी नळी, म्हणजे होज. तिन्हींची लक्षणं बाहेरून सारखीच दिसतात. चाक तापतं, ओढ लागते, वास येतो.

आधी खरंच एकच चाक तापतंय का ते बघा. शक्य तितका कमी ब्रेक मारत आठ-दहा किलोमीटर गाडी चालवा आणि थांबल्या थांबल्या दोन्ही बाजू तपासा. मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत काम करतो, तिथली तापमान मोजायची गन एका दिवसासाठी मागून आणली होती. डावी डिस्क १६८ अंश, उजवी ६१. गन नसेल तर डिस्कवर पाण्याचे चार थेंब शिंपडा, चर्र झालं तर उत्तर मिळालं. हात लावून बघू नका. शहरातल्या गर्दीतून आलात तर दोन्ही डिस्क गरम असणारच. बघायचा आहे तो दोन्हींतला फरक.

मग गाडी सपाट जागी लावायची, हँडब्रेक ओढायचा, मागच्या चाकांना दगड लावायचे, जॅकनं उचलायची आणि खाली घोडी (लोखंडी स्टँड) लावायची. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालायचा नाही, मग काम दोन मिनिटांचं का असेना. चाक काढून दोन नट परत लावले की डिस्क जागेवर बसते. आता डिस्क हातानं फिरवा. पॅड घासल्याचा बारीक आवाज डिस्क ब्रेकला असतोच, त्याला घाबरू नका. पण ती फिरली पाहिजे.

नाही फिरली तर ब्लीडरच्या निप्पलला (ऑइल आणि हवा बाहेर काढायचा कॅलिपरवरचा पोकळ स्क्रू) पारदर्शक नळी लावा, नळीचं दुसरं टोक बाटलीत सोडा आणि निप्पल पाव आटा ढिला करा. ब्रेक ऑइल चिळकांडी मारून आलं आणि डिस्क सुटली, तर दाब आत अडकून राहिला होता. दोष कॅलिपरचा नाही, वरचा आहे. निप्पल कसा, ब्रेक दाबून डिस्क परत जाम होऊ द्या आणि आता पत्र्याची ब्रेक लाइन रबरी होजला जिथं मिळते तो जोड किंचित ढिला करा. तिथंही डिस्क सुटली तर मास्टर सिलिंडरकडं (पेडलच्या जोरानं ऑइलला दाब देणारा) किंवा पेडलच्या खेळाकडं बघा. तिथं सुटली नाही, फक्त निप्पलला सुटली, तर होज आतून बंद झालाय. असा होज बाहेरून अगदी धडधाकट दिसतो. आतला थर सुटून पडदा झालेला असतो. पायाच्या जोरापुढं तो पडदा उघडतो आणि ऑइल जाऊ देतो, पण ऑइल परत यायचं ते निव्वळ सीलच्या ताकदीवर, तेवढ्यानं पडदा उघडत नाही. अशा वेळी कॅलिपर दहादा खोलला तरी काही फरक पडणार नाही. होज बदलायचा.

निप्पल ढिला करूनही डिस्क सुटली नाही, तर गुन्हेगार कॅलिपरातच आहे. माझा तिथंच होता.

आता पॅड काढून बघा, पॅड बरंच काही बोलतात. पॅड तिरका झिजला असेल, म्हणजे एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ, तर बहुतेक एक पिन अडकलीय. आतला पॅड सरसकट बाहेरच्यापेक्षा बराच जास्त झिजला असेल, तर पिस्टन मागं येत नाही किंवा कॅलिपर पिनांवर सरकत नाही. माझा आतला पॅड पहिल्या वर्षी एका टोकाला ७ मिलिमीटर आणि दुसऱ्या टोकाला ४ होता.

पहिलं वर्ष: पिवळं ग्रीस

तिरका पॅड बघून पिना काढल्या. खालची पिन बोटानं हलेना. पक्कडीनं पिळून काढली तर अर्ध्या लांबीवर तांबूस गंज. घासून स्वच्छ केली आणि घरात होतं ते पिवळं ग्रीस दोन्ही पिनांना चांगलं चोपडलं. मशिनच्या बेअरिंगला रोज तेच लावतो, मग ब्रेकला का नको, असा माझा हिशेब.

तो हिशेब चुकला. ब्रेकची रबरं वेगळ्या जातीची असतात. त्यांना ब्रेक ऑइल चालतं, पण पेट्रोल, रॉकेल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस यातलं काहीही लागलं की ती फुगतात. वर्षभरानं बघितलं तर पिनेचं रबरी बूट रात्रभर भिजत घातलेल्या वालासारखं टम्म झालं होतं. पिनांना सिलिकॉनचं ग्रीस लागतं, ब्रेकसाठी म्हणून मिळतं तेच. तेही पातळ हात मारल्याइतकंच. भोकात ग्रीस ठासून भरलं तर मागं कोंडलेली हवा पिनेला बाहेर ढकलत राहते. दाबली की परत वर येते, आणि आपल्याला वाटतं ग्रीस कमी पडलं.

आपण सगळे त्याला ब्रेक ऑइल म्हणतो, मीही वर तेच लिहिलंय. पण ते तेल नाहीच. डॉट ३ आणि डॉट ४ या त्याच्या नेहमीच्या ग्रेड, दोन्ही ग्लायकॉलवर आधारलेले द्रव आहेत, पाण्यात मिसळतात. नावातल्या "ऑइल"नं किती गाड्यांची सीलं खाल्ली असतील कुणास ठाऊक. आमच्या गल्लीतल्या एकानं कमी पडलं म्हणून ब्रेक ऑइलच्या डबीत पॉवर स्टिअरिंगचं तेल ओतलं होतं. त्याच्या मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंतचं सगळं रबर बदलावं लागलं.

दुसरी चूक पिनांचीच. बऱ्याच गाड्यांत दोन पिना एकसारख्या नसतात. एकीच्या टोकाला रबरी बुश (नळीसारखा तुकडा) असतं किंवा एक बाजू चपटी केलेली असते, दुसरी सरळ गोल असते. बुशवाली वर की खाली हे मॉडेलप्रमाणे बदलतं. मी दोन्ही काढून एकाच वाटीत टाकल्या आणि नंतर हाताला लागली ती घातली. फुगलेलं बुश चुकीच्या भोकात. आता काही काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढतो आणि वरच्या पिनेला दोरा बांधतो.

दुसरं वर्ष: चकाचक पिस्टन

२०२३ला पॅड सरसकट झिजलेला होता, म्हणजे आता पिस्टन. शाहूपुरीतल्या स्पेअरच्या दुकानातून सील किट आणलं. त्यात चौकोनी सील, डस्ट कव्हर, पिनांचे बूट आणि चिमूटभर ग्रीसची पुडी येते. कॅलिपर पेट्रोलनं धुतला (वरचा परिच्छेद तेव्हा मला कुणी सांगितला नव्हता), जुनं सील स्क्रू ड्रायव्हरनं उचकटलं आणि पिस्टनवरचे काळे डाग १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासले. पिस्टन आईच्या पितळी तांब्यासारखा चमकायला लागला. मी तो घरात सगळ्यांना दाखवला.

बारा महिन्यांनी तोच पिस्टन बाहेर काढला तेव्हा त्यावर आडवे ओरखडे होते आणि प्रत्येक ओरखड्यात गंजाची रेघ. पिस्टनवरचा क्रोमचा थर मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावा इतका पातळ असतो. १२०चा कागद म्हणजे त्यावर कानस. क्रोम गेला की खालचं लोखंड उघडं पडतं, आणि आपल्याकडच्या पावसात उघडं लोखंड काय करतं ते खिडकीच्या गजाला विचारा.

पण ओरखडे हे अर्धंच कारण होतं. उरलेलं समजायला ते चौकोनी सील काम कसं करतं ते बघावं लागलं, आणि खरं सांगतो, एवढ्या साध्या वस्तूचं मला इतकं कौतुक कधी वाटलं नव्हतं.

ड्रम ब्रेकमध्ये लायनर मागं ओढायला स्प्रिंगा असतात. डिस्कच्या पिस्टनला मागं ओढणारी स्प्रिंग कुठंच नसते. ते काम हे सील करतं. सीलचा छेद गोल नाही, चौकोनी असतो, आणि ते कॅलिपरच्या सिलिंडरमधल्या खाचेत बसतं. ब्रेक दाबला की पिस्टन पुढं जातो. सीलची आतली कड पिस्टनला धरून असते, ती त्याच्याबरोबर पुढं ओढली जाते. बाहेरची कड खाचेत घट्ट असते, ती जागची हलत नाही. सील पिळल्यासारखं होतं. पाय काढला की ते सरळ होतं आणि सरळ होताना पिस्टनला केसभर मागं घेऊन येतं. चाक मोकळं फिरतं ते त्या केसभर अंतरावर. पॅड झिजत गेले की पिस्टन सीलमधून थोडा पुढं घसरतो आणि नवी जागा पकडतो, म्हणून डिस्क ब्रेक वेगळा ॲडजस्ट करावा लागत नाही.

आता त्या खाचेत, बाहेरच्या बाजूच्या कोपऱ्यात, गंजाचा थर बसला असं समजा. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. सील खालून उचललं जातं, पिस्टनभोवती आवळतं आणि त्याला पिळायला जागाच राहत नाही. पायाच्या जोरानं पिस्टन घासत पुढं जातो, मागं मात्र येत नाही. उन्हाळ्यात हे जेमतेम चालून जातं. पावसात चार दिवस गाडी उभी राहिली, डस्ट कव्हरच्या आत ओल धरली, की थर अजून फुगतो. जुलै, दर वर्षी जुलै, तो यामुळं.

तिसरं वर्ष: उदबत्तीची काडी

पिस्टन बाहेर काढायची सगळ्यांत सोपी युक्ती म्हणजे होज सोडायच्या आधी गाडीच्या ब्रेककडूनच तो काढून घ्यायचा. कॅलिपर ब्रॅकेटवरून काढला, सस्पेन्शनच्या स्प्रिंगला तारेनं टांगला (होजवर लोंबकळत ठेवायचा नाही), पॅडच्या जागी लाकडाचा तुकडा धरला आणि पुतण्याला पेडल हळूहळू दाबायला सांगितलं. उजव्या बाजूचा कॅलिपर जागेवरच राहू द्या, नाहीतर हलका असेल तो आधी येईल. डबीतल्या ऑइलवर लक्ष ठेवा, खाली ट्रे ठेवा. पिस्टन जवळजवळ पूर्ण आला की थांबायचं आणि उरलेला हातानं ओढायचा.

होज आधीच सोडला असेल तर लोक कॉम्प्रेसरची हवा मारतात. मारायचीच तर अगदी कमी दाबानं, समोर जाड लाकूड ठेवून आणि बोटं लांब. टायरमध्ये भरतात तेवढ्या हवेनं अडकलेला पिस्टन सुटला तर गोळीसारखा येतो. आमच्या खात्यातल्या एकाच्या बाकाच्या फळीवर त्याचा गोल ठसा अजून आहे. त्याचं बोट तिथं असतं तर, हा विचार तो रोज डबा खाताना करतो.

खाच साफ करायला पोलादाचं काही घालू नका. मी देवघरातल्या उदबत्तीच्या काड्या घेतल्या, टोक चपटं कापलं, ब्रेक क्लीनर मारला आणि मोबाइलच्या टॉर्चमध्ये खाचेच्या कोपऱ्यातून काडी फिरवली. पहिल्या फेरीत नुसता काळा चिखल. दुसऱ्या फेरीत चिंचेच्या टरफलासारखे पापुद्रे निघायला लागले. पेपरवर गोळा केले तर चहाच्या चमच्यात जेमतेम बसतील एवढेच भरले. तीन वर्षांचं दुखणं, चमचाभर. जिथं काडीनं निघेना तिथं पितळी तारेचा बारीक ब्रश. शेवटी नख फिरवून बघितलं, कुठंही अडखळलं नाही पाहिजे. डस्ट कव्हर बसतं ती बाहेरची खाचही अशीच साफ करायची. तिच्यातला गंज कव्हरला उचलतो आणि पाण्याला वाट करून देतो.

सिलिंडरच्या भिंतीवर काही डाग होते. इथं ड्रमच्या सवयीनं घाबरायचं नाही. ड्रमच्या व्हील सिलिंडरमध्ये रबर पिस्टनवर असतं आणि भिंतीवर घासतं, तिथं भिंत गुळगुळीत लागते. कॅलिपरमध्ये उलटं आहे. सील भिंतीच्या खाचेत बसलंय आणि पिस्टन त्यातून सरकतो, म्हणून डाग चालणार नाही तो पिस्टनवर. भिंतीवरचा हलका डाग पुसून सोडून द्यायचा. तिथं पॉलिश पेपर घालून भोक मोठं करण्यात काही फायदा नाही.

राहिला पिस्टन. माझा तर मीच घासून वाया घालवलेला. कोल्हापूरच्या माणसाला अशा वेळी पहिलं काय सुचतं? उद्यमनगर. म्हटलं, एसएसचा, म्हणजे स्टेनलेस स्टीलचा पिस्टन लेथवर पाडून घेऊ, जन्मात गंजायचा नाही. नेहमीच्या टर्नरकडं जुना पिस्टन घेऊन गेलो. त्यानं तो हातात फिरवला, मायक्रोमीटर लावला, परत फिरवला.

"ह्यो ब्रेकचा हाय न्हवं?"

"व्हय."

"मग न्हाई. पंपाचा शाफ्ट सांग, मर्दा, उसाच्या चरकाची लाट सांग, काय बी पाडून देतो. ह्यात फिनिश जरा जरी कमी पडलं तरी सील खाईल. अन् तू काय एकटा बसतोस व्हय गाडीत?"

चहा पाजून परत पाठवला. तो म्हणतो ते बरोबरच होतं. पिस्टनचा व्यास, गोलाई आणि वरचा गुळगुळीतपणा तिन्ही एकाच वेळी जमावं लागतं, आणि चुकलं की ते कारुळ घाटात कळतं. कॅलिपरच्या मापाचा तयार पिस्टन विकत मिळतो, तोच मागवला. काही गाड्यांत पिस्टन काळपट प्लास्टिकसारख्या फिनॉलिकचा असतो. तो गंजत नाही, पण कडेला तडा किंवा टवका असेल तर बदलायचाच.

जोडणी

यात लिहिण्यासारखं फार नाही, फक्त हात स्वच्छ पाहिजेत. सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून खाचेत बोटानं बसवलं आणि सगळीकडून बोट फिरवून पीळ पडला नाही ना ते बघितलं. डस्ट कव्हर काही कॅलिपरांत आधी पिस्टनवर चढवावं लागतं, काहींत नंतर दाबून बसतं. काढताना कसं होतं ते फोटोत दिसेल. पिस्टन ऑइलनं ओला करून दोन्ही अंगठ्यांनी सरळ दाबला. तो जड पण एकसारखा आत गेला पाहिजे. मध्येच अडला तर तिरका झालाय. हातोडी आणायला जाऊ नका, बाहेर काढून परत सुरुवात करा.

होजच्या बोल्टला दोन्ही बाजूंनी तांब्याचे वॉशर असतात, ते दर वेळी नवीन घालायचे. बोल्ट किती आवळायचे ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून बघून टॉर्क रेंचनं. निप्पलला मात्र जोर लावू नका. तो आतून पोकळ असतो, जोरात आवळला तर पुढच्या वेळी तुटून आतच राहतो आणि मग कॅलिपरच बदलावा लागतो. होजला पीळ नको, आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून तो टायरला कुठं घासत नाही ना ते बघायचं.

मागची चाकंही डिस्क असतील आणि हँडब्रेक त्याच कॅलिपरात असेल, तर ते पिस्टन बहुतेक फिरवत आत घालावे लागतात. तिथं सी-क्लॅम्प लावून ढकललं तर आतली यंत्रणा मोडते. आणि हँडब्रेक बटणाचा असेल तर मी तरी त्याला हात लावणार नाही.

एअर काढणं

ऑइल सीलबंद डब्यातलंच घ्या, झाकणावर लिहिलं असेल त्याच ग्रेडचं. मागच्या वर्षीचा अर्धा डबा कपाटात आहे म्हणून तो वापरायचा मोह होतो. ग्लायकॉल हवेतली ओल शोषतं, आणि आपल्या हवेत जुलैला ओलीचा दुष्काळ नसतो. डॉट ३ कोरडं असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळू नये आणि ३.७ टक्के पाणी शोषल्यावर निदान १४० पर्यंत, एवढी मानकाची अट आहे. डॉट ४ ची २३० आणि १५५. घाट उतरताना कॅलिपर तापला आणि आतलं पाणी उकळलं की वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल खाली जाऊन बसतं. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते या दोन्हींत मिसळायचं नाही. डॉट ५.१ मात्र ग्लायकॉलचंच. आकड्यांच्या या गोंधळाला कोण जबाबदार आहे देव जाणे.

पेडलवर पुतण्या, चाकाशी मी. "दाब... धर... धर... सोड." निप्पल उघडायचा तो पेडल दाबलेलं असताना, आणि बंद करायचा तो पेडल सोडायच्या आधी. एकदा त्यानं मी सांगायच्या आधीच पाय काढला आणि अर्ध्या तासाचं काम परत पहिल्यापासून. नळीत बुडबुडे यायचे थांबले, पेडल कडक झालं, म्हणजे झालं. मध्ये डबीतलं ऑइल तळाला जाऊ द्यायचं नाही. बॉनेटवर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, रंग उचलून काढतं.

कितीही एअर काढली तरी पेडल मऊच राहत असेल, तर निप्पल कॅलिपरच्या वरच्या बाजूला आहे का ते बघा. दोन्ही कॅलिपर एकाच दिवशी खोलले की डावा-उजवा बदलायची चूक होते. बऱ्याच गाड्यांत ते बसतातही बिनतक्रार, फक्त निप्पल खाली जातो आणि हवा वर अडकून राहते. शेजारच्या एकानं दीड लिटर ऑइल ओतलं आणि मग माझ्याकडं आला. एबीएस असलेल्या गाडीत हवा त्याच्या युनिटमध्ये गेली तर काही मॉडेलना स्कॅनर लावूनच ती निघते. म्हणून तिथं डबी रिकामी होऊ द्यायची चूक महागात पडते.

गाडी खाली उतरवल्यावर सुरू करायच्या आधी पेडल चार-पाच वेळा दाबा. आत ढकललेला पिस्टन पॅडपर्यंत यायला तेवढे दाब लागतात. हे विसरून गाडी गिअरमध्ये टाकली तर पहिला ब्रेक लागत नाही आणि समोर फाटक असतं. आमच्या फाटकाला पोचा आहे, तो दुसऱ्या वर्षीचा.

तरी चाक धरतंच असेल तर

दोन्ही पुढची चाकं एकाच वेळी जड वाटत असतील तर कॅलिपर सोडा, पेडलकडं बघा. पेडलला सुरुवातीला थोडा मोकळा खेळ लागतो. ब्रेक लाइटचा स्विच किंवा पुशरॉड पेडलला दाबून धरत असेल तर मास्टर सिलिंडरमधलं परतीचं छिद्र उघडत नाही, आणि गाडी तापत जाईल तसे ब्रेक आवळत जातात. पाय न ठेवता मागचा ब्रेक लाइट लागलेला दिसला तर तोही धागा इथंच येतो.

फक्त रात्रभर पावसात उभी राहिल्यावर सकाळी "टक" असा आवाज होऊन चाक सुटत असेल आणि नंतर दिवसभर मोकळं असेल, तर तो डिस्कवरचा ताजा गंज आहे. दोन-चार ब्रेकमध्ये जातो. त्यासाठी काही खोलू नका.

गाडी उजवीकडं ओढायला लागली तर आनंद मानायच्या आधी टायरमधली हवा बघा. मी ती न बघता उजवा कॅलिपर खोलायला घेतला होता.

काम झाल्यावर आधी गल्लीत चालण्याच्या वेगानं ब्रेक मारून बघितले. मग रिकाम्या रस्त्यावर तीस-चाळीसच्या वेगानं, आणि दुसऱ्या दिवशी जोतिबाच्या डोंगरावर. उतरताना दुसरा गिअर, ब्रेक थोडा थोडा. खाली आल्यावर गन लावली: डावी ८४, उजवी ८१. २०२५च्या जुलैत गगनबावड्याहून परत आल्यावर परत मोजलं, तेव्हाही तीन-चार अंशांचाच फरक होता. पिनांचे बूट वर्षातून एकदा, मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आधी उघडून बघतो. अर्ध्या तासाचं काम आहे. जुनं ऑइल गटारात ओतत नाही, बाटलीत भरून फौंड्रीतल्या वाया तेलाच्या पिंपाशेजारी ठेवतो आणि वर नाव लिहितो, म्हणजे कुणी ते तेल समजून मशिनला घालणार नाही.

सध्या मागच्या उजव्या ड्रममधून कर्रकर्र येतंय. तो पुढच्या रविवारी.